आधी पासपोर्ट, मग लस, मग व्हिसा, तिकीट शेवटी: कोल्हापुरातून आफ्रिकेला निघणाऱ्यांसाठी

"वहिनी, तिकीट काढलंय, आता लसीचं आणि व्हिसाचं काय काय करायला लागतंय?" असा फोन मला दर दोन-तीन महिन्यांनी येतोच. आमच्याकडची बरीच माणसं साखर कारखान्याच्या नोकरीसाठी युगांडा, केनिया, टांझानियाला जातात, मागनं घरची मंडळी जातात, माझे मिस्टर युगांडात आहेत आणि मी दोन पोरांना घेऊन तीन वेळा जाऊन आलेय, त्यामुळं नंबर फिरत फिरत माझ्यापर्यंत येतो. आणि जवळजवळ सगळ्यांची चूक त्या एका वाक्यातच असते, तिकीट आधी काढलेलं असतं.

कागद कुठले लागतात हे सगळ्यांना कुठून ना कुठून कळतं, गडबड होते ती क्रमात. एका कामाला दुसऱ्या कामाचा कागद लागतो आणि तो नेमका त्या वेळी हातात नसतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला परत जाऊन येणं म्हणजे एक सकाळ, आपल्याला पुणंच सव्वादोनशे किलोमीटर पडतं, पोरं बरोबर असली तर दोन दिवस गेले. म्हणून खाली क्रम लावून देतेय. मी युगांडा धरून लिहितेय पण केनियाला किंवा तिकडच्या दुसऱ्या देशात जाणाऱ्यांनाही हाच क्रम चालतो. निघायच्या आधी तीन महिने हातात ठेवा, दोन महिन्यांत होतं पण मग एकही गोष्ट चुकून चालत नाही.

## टप्पा १ : आधी एका कागदावर देश लिहा

फक्त जायचा देश नाही, विमान जिथं जिथं थांबणार तेही लिहा. मुंबईहून एंटेबेला (युगांडाचं विमानतळ) जाताना कुणी नैरोबीवरून जातं कुणी अदिस अबाबावरून, कुणी थेट. नंतर फिरायला म्हणून टांझानियाला जायचा बेत असेल तर तेही आत्ताच लिहायचं.

हे कशाला, तर यलो फीवरची (डासांमुळं होणाऱ्या पीतज्वराची) लस कोण मागतं ते या कागदावरून कळतं. लोकांना वाटतं फक्त जायचा देश मागतो. युगांडा मागतंच, पण परत येताना आपला भारतपण मागतो आणि आपल्याकडं त्याबाबतीत फार कडक आहे. यलो फीवरच्या यादीतल्या देशातनं निघून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि सर्टिफिकेट नसेल तर विमानतळावरूनच क्वारंटाइनला नेतात, ६ दिवसांपर्यंत. केनिया, इथिओपिया, युगांडा तिन्ही त्या यादीत आहेत. नुसतं ट्रान्झिट असेल आणि विमानतळाच्या बाहेर पाऊल टाकलं नसेल तर सूट मिळू शकते पण ती द्यायची का नाही हे तिथला हेल्थ ऑफिसर ठरवतो, आपण नाही. त्यामुळं त्या भरवशावर राहू नका.

टांझानियाचं अजून वेगळं. भारतातून सरळ गेलात तर ते यलो फीवरचं सर्टिफिकेट मागत नाहीत, पण युगांडा किंवा केनियातून गेलात की मागतात. म्हणजे देश तोच, रस्ता बदलला की नियम बदलला.

## टप्पा २ : पासपोर्ट, घरातल्या प्रत्येकाचा

सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर काढून ठेवा आणि एकेक उघडून बघा. मनानं "आहे की अजून दोन वर्षं" असं धरू नका.

- पोचल्याच्या तारखेपासून पुढं किमान ६ महिने मुदत पाहिजे. वर्षभर राहणार असाल तर दीड-दोन वर्षं तरी शिल्लक असावी, तिकडं राहून रिन्यू करायचा म्हणजे भारतीय हायकमिशनचे हेलपाटे.
- कोरी पानं किमान दोन, चार असली तर बरं.
- पोरांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो. मोठ्यांचा १० वर्षांचा म्हणून सगळ्यांचा तेवढाच असं डोक्यात बसलेलं असतं आणि ऐनवेळी धाकट्याचा संपलेला निघतो. ही चूक मी इतक्या घरांत बघितलीय की फोनवर पहिला प्रश्न मी हाच विचारते.
- नावाचं स्पेलिंग. पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट, पोरांचा जन्मदाखला, तिन्हीकडं एकच पाहिजे. बाईचं माहेरचं नाव एकीकडं आणि सासरचं दुसरीकडं असेल तर आत्ताच सुधारून घ्या. आडनावाची जागा रिकामी आणि सगळं नाव एकाच रकान्यात असलेले जुने पासपोर्टपण असतात. दुबईत उतरून दोन दिवस राहायचं असेल तर तिथं २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्याला व्हिजिट व्हिसावर घेत नाहीत.

कोल्हापूर पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसखाली येतं, पण आता आपल्याकडं पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला पळायला नको. फॉर्म ऑनलाइन भरायचा, पैसे ऑनलाइन, अपॉइंटमेंट घ्यायची आणि मूळ कागद घेऊन जायचं. मोठ्यांच्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, ६० पानीला २,०००. सारखं जाणं-येणं असणाऱ्यानं ६० पानीच घ्यावा, पाचशे रुपयांसाठी पानं संपल्यावर परत सगळं करायचं काय. लहान मुलांसाठी आई-वडील दोघांच्या सहीचं ॲनेक्शर डी नावाचं घोषणापत्र लागतं. नवरा आधीच तिकडं गेला असेल तर ही सही अडते, म्हणून नवरा जायच्या आधी पोरांचे पासपोर्ट करून ठेवा.

पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार येतील तेव्हा आधारवर जो पत्ता आहे तिथं कुणीतरी घरात पाहिजे. घर बदललेलं असेल तर आधी आधार, मग पासपोर्ट.

आयटीआय करून फिटर, वेल्डर म्हणून जाणाऱ्या पोरांसाठी एक गोष्ट. दहावी पास असाल तर पासपोर्ट करतानाच मार्कशीट लावा म्हणजे ईसीआरचा (परदेशी नोकरीला जाताना सरकारची परवानगी तपासायची, असा) शिक्का येत नाही. ईसीआर पासपोर्टवर नोकरीसाठी आखाती देश, मलेशिया, सुदान, दक्षिण सुदान अशा १८ देशांत जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. युगांडा, केनिया त्या यादीत नाहीत, पण पुढचा कॉन्ट्रॅक्ट कुठला येईल कुणाला माहीत.

पुढं जायच्या आधी तपासा: सगळ्यांचे पासपोर्ट हातात आहेत, मुदत पुरेशी आहे, नावं जुळतात. एकाचाही बदलायचा असेल तर इथंच थांबा आणि तो बदला. यलो फीवरच्या लसीचं सर्टिफिकेट म्हणून जे पिवळं पुस्तक मिळतं त्यात पासपोर्ट नंबर लिहितात, लस आधी घेऊन पासपोर्ट नंतर बदलला की नंबर जुळत नाही. तसं झालंच असेल तर जुना पासपोर्ट टाकून देऊ नका, नव्याला जोडून बरोबर ठेवा आणि ज्या केंद्रात लस घेतली तिथं जाऊन नवीन नंबराची नोंद करून घ्या.

## टप्पा ३ : डॉक्टरकडं एकदा निवांत बसा

हा टप्पा लोक सरळ गाळतात. यलो फीवर घेतली म्हणजे लसी झाल्या असं समजतात. ती एक लस कायद्यानं लागते म्हणून माहीत असते, बाकीच्या कुणी विमानतळावर विचारत नाही पण आजारी पडल्यावर कळतात.

निघायच्या आठ आठवडे आधी आपल्या नेहमीच्या फिजिशियनकडं आणि पोरांच्या डॉक्टरकडं जा. बरोबर पोरांची लसीकरणाची कार्डं, चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी आणि टप्पा १ मधला देशांचा कागद न्या. हे विचारा:

टायफॉइड: निघायच्या किमान दोन आठवडे आधी. हिपॅटायटिस ए: पहिला डोस जायच्या आधी, दुसरा साधारण ६ महिन्यांनी, म्हणजे दुसऱ्याची तारीख तुम्ही तिकडं असताना येते, ती लिहून ठेवा. हिपॅटायटिस बी: पूर्ण कोर्स ०, १ आणि ६ महिने असा असतो, आधी झालेला नसेल तर आजच सुरू करा. धनुर्वात: शेवटचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली का बघा, कारखान्यात काम करणाऱ्यानं तर बघाच. रेबीज: गावापासून लांब कॉलनीत राहणार असाल आणि पोरं लहान असतील तर आधीच घेऊन ठेवायचा विचार करा, हा कोर्स एका दिवसात होत नाही. मेनिंजायटिसची (मेनिंगोकॉकल मेंदूज्वराची) लस युगांडाच्या उत्तर भागात जाणाऱ्यांनी विचारावी.

मलेरियाला गोळ्या असतात. "मलेरियाचं इंजेक्शन घेतलं" म्हणून सांगणारी माणसं मला भेटलीत, त्यांनी दुसरंच काहीतरी घेतलेलं असतं आणि गोळ्या घेतलेल्या नसतात. कुठली गोळी हे डॉक्टरच ठरवणार कारण वय, वजन, गरोदरपण, बाकीची औषधं सगळं बघायला लागतं. डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या पोरांना आणि गरोदर बाईला सहसा देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा असते आणि ती निघायच्या दोन आठवडे आधी सुरू करायला लागते, म्हणून हा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. वर्षभर राहणाऱ्यानं किती दिवस गोळी घ्यायची हेही स्पष्ट विचारून घ्या.

सावधान: यलो फीवर ही जिवंत लस आहे. गोवर-रुबेला आणि कांजण्यांचीपण जिवंत लस आहे. दोन जिवंत लसी एकतर एकाच दिवशी देतात नाहीतर मध्ये २८ दिवस सोडायला लागतात. आपल्याकडं बाळाला गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि यलो फीवरपण नऊ महिन्यांच्या आत देत नाहीत, म्हणजे दोन्ही लसी नेमक्या एकाच सुमाराला येतात. बाळाच्या डॉक्टरांना न विचारता दवाखान्यात गोवरची लस देऊन आलात आणि पुढच्या आठवड्यात यलो फीवरची तारीख असली तर ती तारीख गेली.

## टप्पा ४ : यलो फीवरची लस, मूळ पासपोर्ट घेऊन

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं ठरवून दिलेल्या केंद्रातच घ्यायला लागते, दुसरीकडच्या कागदाला विमानतळावर किंमत नाही. आपल्याला जवळची म्हणजे पुणे, मुंबई आणि गोव्यात मुरगावचं पोर्ट हेल्थ ऑफिस. चंदगड, आजऱ्याकडच्यांनी गोव्याचा विचार जरूर करावा. आरोग्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर केंद्रांची यादी असते, ती बघा आणि निघायच्या आधी फोन करा. रोज देत नाहीत, ठराविक वार असतात, नंबर मर्यादित असतात. एका बाटलीत बरेच डोस असतात आणि ती एकदा कालवली की काही तासांत संपवायला लागते, म्हणून माणसं गोळा करून देतात. सोमवारी सुट्टी आहे म्हणून सोमवारी जाऊन उभं राहिलं, असं करू नका.

आता माझं सांगते. पहिल्या वेळी जाताना वाटेत आठ दिवस जर्मनीत नणंदेकडं थांबायचं ठरलं, म्हणून शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) अर्ज केला आणि तिघांचे पासपोर्ट तिथं जमा केले. पुढच्या आठवड्यात दोन पोरांना घेऊन पुण्याला लसीला गेले, पासपोर्टच्या झेरॉक्स होत्या, आधार होतं, सगळं होतं. मूळ पासपोर्ट नाही म्हणून परत पाठवलं. त्यांचं बरोबरच होतं. रात्री अकराला एसटीतनं कोल्हापूर स्टँडला उतरले तेव्हा धाकटा खांद्यावर झोपलेला आणि मला रडू येत होतं. पासपोर्ट परत आल्यावर परत पुणं, आणि तोवर लस आणि निघायची तारीख यांत दिवस इतके कमी राहिले की तिकीट पुढं ढकलायला लागलं. म्हणून सांगते, पासपोर्ट कुठंही जमा करायच्या आधी लस घ्या. एकाच फेरीत दोन्ही कामं करायची असतील तर सकाळी लस, दुपारी व्हिसा सेंटर. उलटं कधीच नाही.

लसीच्या दिवशी काय करायचं:

१. पोटात काहीतरी खाऊन जा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणारी माणसं उपाशीच रांगेत उभी राहतात आणि मग चक्कर येते.

२. अंड्याची जोरदार ॲलर्जी, गरोदरपण, अंगावर पाजत असाल तर ते, कॅन्सरची किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, यातलं काही असेल तर आधी सांगा. लपवून घेऊ नका. साठच्या वरच्यांना या लसीचा त्रास होण्याचा धोका जास्त असतो, आई-वडिलांना बरोबर नेणार असाल तर त्यांच्या डॉक्टरांचं मत आधी घ्या. लस देता येत नसेल तर तसं वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते चालवून घ्यायचं का हे समोरच्या देशावर आहे, म्हणून तिकीट काढायच्या आधी वकिलातीला विचारा.

३. इंजेक्शननंतर अर्धा तास तिथंच बसायचं. गाडी चुकेल म्हणून पळू नका.

४. पिवळं पुस्तक हातात आलं की काउंटर सोडायच्या आधी वाचा. नाव पासपोर्टसारखंच, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, लसीची तारीख, बॅच नंबर, डॉक्टरची सही, केंद्राचा शिक्का. आणि तुमची सही, पोरांच्या पुस्तकावर आई किंवा वडिलांची. एक आकडा चुकला तर तिथंच दुरुस्त होतो, कोल्हापुरात येऊन लक्षात आलं तर परत एक फेरी.

तारखेचा हिशोब: सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. १ तारखेला घेतली तर ११ पासून. शिवाजी पेठेतल्या ओळखीच्या एका पोरानं ५ तारखेला लस घेतली आणि ११ चं तिकीट होतं, त्याला "दहा दिवस" हे कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी तिकीट बदललं, भुर्दंड खिशातनं. मी म्हणेन दहा दिवसांवर अवलंबून राहूच नका, सहा आठवडे आधी घेऊन टाका.

एकदा घेतली की जन्मभर चालते, २०१६ च्या जुलैपासून तसा नियम आहे. जुन्या पुस्तकावर दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ते चालतं, परत टोचून घ्यायची गरज नाही. पुस्तक मात्र जपा, दोन-तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो.

## टप्पा ५ : व्हिसा, स्वतः भरा

युगांडाचा व्हिसा ऑनलाइन आहे आणि अर्जातच यलो फीवरचं सर्टिफिकेट अपलोड करायला लागतं. म्हणजे आता कळलं असेल लस आधी का. केनियात २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसाऐवजी ईटीए (निघायच्या आधी घ्यायची प्रवासाची परवानगी) असतं, तेही ऑनलाइनच.

कुठला व्हिसा हे आधी ठरवा. नोकरीसाठी जाणाऱ्यानं टुरिस्ट व्हिसावर जाऊ नये, "तिकडं गेल्यावर परमिट करू" असं कुणी म्हणालं तर परमिटचं मंजुरीपत्र हातात येईपर्यंत निघू नका. परमिटसाठी कंपनी पोलीस क्लिअरन्स मागेल, ते पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवरूनच ५०० रुपये भरून काढायचं असतं, वेळ लागतो म्हणून लसीच्याच आठवड्यात अर्ज टाका. बायको-मुलांसाठी डिपेंडंट पासचं कंपनीला आधीच विचारा, त्याला लग्नाचं आणि जन्माचं सर्टिफिकेट लागतं. नुसतं भेटायला जाणाऱ्यांसाठी साधा टुरिस्ट व्हिसा ५० डॉलरचा. आणि युगांडा, केनिया, रवांडा तिन्ही फिरायचं असेल तर ईस्ट आफ्रिका टुरिस्ट व्हिसा १०० डॉलरचा, ९० दिवसांचा. टांझानिया त्यात नाही, त्याचा वेगळा काढायला लागतो.

अर्ज भरताना लोक कुठं चुकतात:

सर्च केल्यावर पहिली येणारी साइट सरकारी असेलच असं नाही. पत्त्याचा शेवट बघा, युगांडाचा गो डॉट यूजी, केनियाचा गो डॉट केई. दिसायला तशाच असणाऱ्या खाजगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

कार्ड. आपल्याकडं बऱ्याच जणांचं खातं सहकारी बँकेत असतं आणि त्या कार्डावर परदेशी व्यवहार होतोच असं नाही. अर्ज भरून झाल्यावर पैसे अडकतात. आधी बँकेत विचारा, कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून घ्या.

फोटो आणि स्कॅन. मोबाइलवर सावली पडलेला पासपोर्टचा फोटो टाकतात आणि अर्ज परत येतो. झेरॉक्सच्या दुकानात नीट स्कॅन करून घ्या, पासपोर्टच्या खालच्या दोन ओळी स्वच्छ दिसल्या पाहिजेत.

वाटेत युरोपात थांबायचं असेल तर शेंगेनचं गणित वेगळं. प्रवासाच्या ६ महिन्यांपेक्षा आधी अर्ज घेत नाहीत, १५ दिवसांपेक्षा उशीर चालत नाही, फी मोठ्यांना ९० युरो, किमान ३०,००० युरोचा विमा, आणि बोटांचे ठसे द्यायला स्वतः जायला लागतं. निर्णयाला १५ दिवस धरतात, कधी ४५ पर्यंत जातात, तेवढे दिवस पासपोर्ट तुमच्याकडं नसतो. जास्त दिवस ज्या देशात राहणार त्या देशाकडं अर्ज. पण वर्षभरानं परत येताना युरोप करायचा असेल तर इथून काढून उपयोग नाही, तिकडच्या परमिटवर तिथूनच अर्ज करायचा.

पुढं जायच्या आधी तपासा: ईमेलवर आलेलं मंजुरीचं पत्र उघडून नाव, पासपोर्ट नंबर, तारखा वाचल्या का. प्रिंट काढली का. विमानतळावर मोबाइलची बॅटरी संपते, नेट नसतं.

## टप्पा ६ : आता तिकीट

व्हिसाच्या अर्जाला प्रवासाचा तपशील लागतो म्हणून लोक घाबरून पैसे भरून तिकीट काढतात. फक्त बुकिंग होल्ड करून मिळतं, नाहीतर रद्द करता येणारं तिकीट घ्या. व्हिसा आणि पिवळं पुस्तक दोन्ही हातात आल्यावरच पक्कं करा. कोल्हापूर-मुंबई विमान आणि पुढचं आंतरराष्ट्रीय वेगवेगळ्या तिकिटांवर असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. पावसाळ्यात आदल्या दिवशीच मुंबईत पोचलेलं बरं, हायवे कधी बंद पडेल सांगता येत नाही.

हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या नाही, हे ठेवा: पासपोर्ट, पिवळी पुस्तकं, व्हिसाच्या प्रिंट, लग्नाचं-जन्माचं सर्टिफिकेट, मलेरियाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात. मच्छरदाणी मोठ्या बॅगेत, पण न्या, गोळी घेत असलात तरी रात्री तिच्यातच झोपायचं.

## टप्पा ७ : परत आल्यावर

पिवळं पुस्तक येतानाही हातातच ठेवा, भारतात उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच मागतात. आणि मलेरियाच्या गोळ्या घरी आल्या आल्या बंद करू नका. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन परत आल्यावर अजून ४ आठवडे घ्यायची असते, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ७ दिवस. त्यानंतर पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरकडं गेल्या गेल्या पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतनं आलोय" हेच सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. तिकडचा फाल्सिपेरम मलेरिया एक-दोन दिवसांत जिवावर उठतो, व्हायरल असेल म्हणून घरी क्रोसिन घेऊन पडून राहायचं नाही.